सिंहपुच्छ माकड आणि सारस: दोन धोक्यातल्या जीवांची तुलना नीट कशी करायची

माझ्या भाचीला अकरावीत पर्यावरणाचं प्रोजेक्ट आलं, कोणत्याही दोन संकटग्रस्त जीवांची तुलना करा, आणि रात्री साडेदहाला तिचा फोन, मामा सिंहपुच्छ माकड आणि सारस घेतलेत, टेबल तयार आहे, फक्त एकदा नजर टाक. टाकली नजर. डावीकडे माकड, उजवीकडे पक्षी, खाली रंग, उंची, अन्न, अधिवास, संख्या, आणि शेवटची ओळ "जास्त धोक्यात: माकड". तसं बघायला गेलं तर एकही रकाना चुकीचा नव्हता, पण सगळं वाचून झाल्यावर ना माकड कळत होतं ना सारस. मग रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर दोघांनी बसून ते सगळं परत केलं. कसं केलं ते सांगतो, कारण असली प्रोजेक्टं घरोघरी येतात आणि शेवटी आई-बाबा-मामा-काकाच रात्री जागतात.

सगळ्यात आधी टेबल बंद करा. खरंच. टेबल शेवटी करायचं. आधी नावं पक्की करा, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. सिंहपुच्छ माकड म्हणजे मकाका सिलेनस, काळं कुळकुळीत अंग, चेहऱ्याभोवती करडी-पांढरी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा झुपका. नाव शेपटीवरून आहे, आयाळीवरून नाही, हे मलाही बरीच वर्षं उलटंच वाटायचं. नेटवर फोटो शोधला की त्याच्या जोडीला निलगिरी लंगूर हमखास येतो, तोही काळा, तोही पश्चिम घाटातला, पण त्याची शेपूट लांबलचक आणि झुपक्याशिवाय, आणि डोक्यावरचे केस पिवळट-तपकिरी. भाचीच्या पहिल्या चार्टवर लंगूरच चिकटवलेला होता. सारसाचं तर विचारूच नका, आपल्याकडे लांब पायांचं काहीही दिसलं की लोक सारस म्हणतात, करकोचे, चित्रबलाक सगळे सारस. खरा सारस म्हणजे अँटिगोनी अँटिगोनी, राखाडी अंग, डोकं आणि मानेचा वरचा भाग लालभडक आणि जवळजवळ बिनपिसांचा, उभा राहिला की माणसाएवढा, साडेपाच-सहा फुटांपर्यंत. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच हाच. आणि पुण्याच्या सारसबागेत तो नाही, हे माझ्या भाचीला माहीत होतं पण तिच्या मैत्रिणीला नव्हतं.

एक मजा सांगतो. सारसाचं वजन साधारण सहा-आठ किलो भरतं आणि सिंहपुच्छाच्या नराचं पाच ते दहा. म्हणजे एक सहा फुटी आणि एक शेपूट सोडून दोन फुटीसुद्धा धड नाही, पण तराजूत दोघं शेजारी शेजारी. उंची आणि वजनाचा रकाना नुसता भरून सोडला तर असली गोष्ट हाताला लागत नाही.

आता मुख्य भाग. आययूसीएन ही निसर्ग संवर्धनाची जागतिक संस्था, तिच्या रेड लिस्टमध्ये म्हणजे धोक्यातल्या जीवांच्या यादीत माकड एंडेंजर्ड (संकटग्रस्त) आहे आणि सारस व्हल्नरेबल (असुरक्षित). बहुतेक जण इथेच थांबतात, एंडेंजर्ड वरची पायरी म्हणून माकड जास्त धोक्यात, विषय संपला. पण त्या शब्दाच्या पुढे बारीक अक्षरात एक कोड असतो, तो वाचायची सवय लावून घ्या, खरी तुलना तिथून सुरू होते. माकडाचा कोड सी२ए(आय). सी म्हणजे संख्याच मुळात कमी आणि ती अजून घटतेय. एंडेंजर्डसाठी अट अशी की प्रौढ, पिल्लं देऊ शकणारे जीव २,५०० च्या आत, आणि पुढच्या ए(आय) चा अर्थ की ते तुकड्या-तुकड्यांत विभागलेले आहेत आणि कुठल्याच तुकड्यात २५० च्या वर प्रौढ नाहीत. एवढ्याशा कोडमध्ये अख्खा पश्चिम घाट आला बघा, जंगलाचे तुकडे, मध्ये चहा, कॉफी, वेलची, रस्ते, धरणं, आणि प्रत्येक तुकड्यात अडकलेले दोन-चार कळप.

सारसाचा कोड ए ने सुरू होतो, ए२सीडीई वगैरे. ए म्हणजे संख्या किती आहे ते महत्त्वाचं नाही, किती वेगाने घसरली ते महत्त्वाचं. दहा वर्षं किंवा तीन पिढ्या, जे जास्त असेल त्या काळात ३० टक्के किंवा जास्त घट असेल तर व्हल्नरेबल, ५० ला एंडेंजर्ड, ८० ला क्रिटिकली एंडेंजर्ड. मागची अक्षरं कारणं सांगतात, इथला सी (माकडाच्या कोडातला सी नव्हे) म्हणजे अधिवास कमी होणं, डी म्हणजे पकडणं-मारणं-अंडी उचलणं, ई म्हणजे प्रदूषण, रोगराई, बाहेरून आलेल्या प्रजाती असलं सगळं. तर एक जण कमी आणि तुटक आहे म्हणून यादीत, दुसरा बऱ्यापैकी असूनही घसरतोय म्हणून यादीत. भाचीला म्हटलं, एकाच्या खात्यात पैसेच कमी आहेत आणि दुसऱ्याच्या खात्यात बरे आहेत पण दर महिन्याला खर्च पगारापेक्षा जास्त, आता सांग जास्त अडचणीत कोण? ती म्हणाली, प्रश्नच चुकीचाय. तेच तर.

म्हणून "जास्त धोक्यात कोण" ही ओळ टेबलातून काढून टाका आणि तिथे दुसरा प्रश्न घाला: कुठली एक गोष्ट काढून घेतली तर हा जीव कोसळेल? बाकीचे सगळे रकाने या एका प्रश्नाकडे वळवायचे, मग आपोआप कळतं काय ठेवायचं आणि काय गाळायचं. रंग गाळा.

संख्येच्या रकान्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. नेटवर माकडाबद्दल कुठे "फक्त ३,५०० उरलेत" वाचाल, कुठे "२,५०० पेक्षा कमी", आणि मुलं यातला एक खोटा धरून दुसरा लिहितात. दोन्ही बरोबर असू शकतात हो. एकूण तीन ते चार हजार माकडं असा अंदाज आहे, त्यात पिल्लं, अर्धवट वाढलेली सगळी आली, आणि रेड लिस्ट मोजते फक्त प्रौढ. त्यामुळे आकडा लिहिताना शेजारी लिहा की एकूण की प्रौढ, कुठल्या वर्षीचा, आणि मोजला कसा. सारसाचं उलट होतं. जुन्या अंदाजात अख्ख्या जगात मिळून पंधरा-वीस हजार सारस म्हणतात आणि एकट्या उत्तर प्रदेशच्या वनखात्याच्या अलीकडच्या गणनांमध्ये १९ हजारांच्या वर भरलेत. मग काय, एवढे वाढले? थोडे वाढलेही असतील, थोडं मोजणंही सुधारलं असेल, नुसते दोन आकडे शेजारी ठेवून ते ठरत नाही. एकाच पद्धतीने वर्षानुवर्षं मोजलेली मालिका हातात असेल तरच वाढ-घट म्हणा, नाहीतर आकडा द्या आणि गप्प बसा.

आणि मोजणं दोघांचं किती वेगळं आहे ते जरूर लिहा, ह्यावर मास्तर लोक खूश होतात असा माझा अनुभव. सारस उघड्यावर असतो, शेतात, तळ्याच्या काठाला, नदीच्या वाळूत, लांबून दिसतो, आणि जोडीने तुतारीसारखा ओरडला तर मैलभर ऐकू जातं. गोंदियात उन्हाळ्याच्या शेवटी पहाटेच वेगवेगळ्या टोळ्या सारसांच्या रात्रीच्या मुक्कामाच्या जागांवर जाऊन बसतात आणि एकाच वेळी मोजतात, शेजारी मध्य प्रदेशातल्या बालाघाटातही तसंच, कारण मध्ये वैनगंगा आणि बाघ नदी असली तरी सारसाला राज्याची सीमा कळत नाही आणि एकच पक्षी दोन्हीकडे मोजला जायला नको. सेवा ही तिथली संस्था, गावातले लोक, वनखातं असे सगळे असतात. माकडाचं काम महाकठीण, सदाहरित जंगल, शंभर फूट उंच झाडं, वर अंधार, आणि त्यात काळं माकड. कळप सापडला तर मोजायचा, नराची लांबवर जाणारी हाक ऐकून माग काढायचा, एकेक पट्टा चालत पिंजून काढायचा. म्हणून सारसाचा आकडा तुलनेने घट्ट असतो आणि माकडाचा सैल, आणि सैल आकड्यावर दोन दशांश स्थळं काढून टक्केवारी लिहू नये. भाचीने लिहिली होती.

आता पिल्लांचं गणित, हे मला सगळ्यात आवडतं. सिंहपुच्छाची मादी पहिल्यांदा आई होते तेव्हा सहा-एक वर्षांची असते, गरोदरपण साधारण सहा महिने, एका वेळी एकच पिल्लू, आणि पुढचं पिल्लू अडीच-तीन वर्षांनी. वीस वर्षांपर्यंत जगली असं धरा आणि कागदावर मांडा, जास्तीत जास्त पाच-सहा पिल्लं आयुष्यात, त्यातली काही मरणार. म्हणजे एका कळपातून दोन प्रौढ माद्या रस्त्यावर गाडीखाली गेल्या तर ती जागा भरायला किती वर्षं लागतील ते पोरांना स्वतः काढायला लावा. सारस दर पावसाळ्यात घरटं करतो, उथळ पाण्यात किंवा भाताच्या बांधीत गवत-काड्यांचा मोठा ढीग, दोन अंडी, क्वचित तीन, महिनाभर नर-मादी दोघं आळीपाळीने उबवतात, पिल्लू दुसऱ्याच दिवशी चालायला लागतं. ऐकायला वेग जास्त वाटतो ना? पण कित्येक जोड्यांचं वर्ष रिकामं जातं, अंडी कुत्रा नेतो, कावळा नेतो, पोरं नेतात, पाणी चढतं, आणि जगलं तरी बहुतेकदा एकच पिल्लू जगतं. दोघेही संथ खेळाडू आहेत, फरक एवढाच की सारसाला दर वर्षी एक बॉल मिळतो आणि माकडाला तीन वर्षांत एक.

नकाशा काढा. यात कंजूषी करू नका, एक पान पूर्ण द्या. सिंहपुच्छ माकड जगात फक्त पश्चिम घाटात, तेही कर्नाटक, केरळ, तमिळनाडू या तीन राज्यांत. महाराष्ट्रात नाही, गोव्यात नाही. सगळ्यात उत्तरेकडची मोठी वस्ती आपल्याला त्यातल्या त्यात जवळची, उत्तर कन्नड जिल्ह्यात सिरसी-होन्नावर भागात अघनाशिनी नदीच्या खोऱ्यात. तिथे २०११ साली माकडाच्या नावानेच संवर्धन राखीव क्षेत्र झालं आणि २०१९ मध्ये शरावती खोऱ्याला जोडून सिंहपुच्छ माकडाचं अभयारण्य. त्याच शरावती खोऱ्यात २,००० मेगावॉटचा पंप्ड स्टोरेज (पाणी वर चढवून हवी तेव्हा वीज बनवण्याचा) प्रकल्प प्रस्तावित आहे आणि त्यावर वाद चालू आहे. खाली केरळात सायलेंट व्हॅली, जिथल्या धरणाचा विरोध लोकांनी, केरळ शास्त्र साहित्य परिषदेने, सुगतकुमारींसारख्या कवयित्रीने लावून धरला म्हणून ते धरण शेवटी रद्द झालं आणि १९८४ मध्ये नॅशनल पार्क जाहीर झालं, त्या आंदोलनाचा चेहरा हेच माकड होतं. आणि तमिळनाडूत अण्णामलै डोंगरात वालपरै, चहाच्या मळ्यांमध्ये उरलेले जंगलाचे छोटे तुकडे, तिथली माकडं आता रस्त्यावर, घरांच्या छपरांवर उतरतात. त्यांच्यासाठी रस्त्यावरून झाडापासून झाडापर्यंत कॅनव्हासचे, दोरांचे पूल बांधलेत. फोटो नक्की लावा त्याचा, एका फोटोत सगळं कळतं: या माकडाला जंगल तर हवंच पण ते वरच्या वर जोडलेलं हवं, फांदीला फांदी. मध्ये डांबराचे वीस फूट आले की झालं.

सारसाचा नकाशा एकदम वेगळा, उत्तर भारत, नेपाळची तराई, म्यानमार, कंबोडिया, व्हिएतनाम आणि पार ऑस्ट्रेलिया. थायलंडातून तो संपला होता, २०११ पासून तिथे पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी परत सोडतायत. एवढा पसरलेला असूनही त्याचं घर म्हणजे आपली शेती. उत्तर प्रदेशात इटावा-मैनपुरीकडे भातशेती, छोटी तळी, ओलावा, आणि अंडी न उचलणारे शेतकरी, या चार गोष्टींवर तो टिकलाय. तो राज्यपक्षीही आहे तिथला.

आपल्या गोंदियात तेच गणित छोट्या प्रमाणावर. पूर्व विदर्भातले माजी मालगुजारी तलाव, तिथे लोक सरळ मामा तलाव म्हणतात, कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले, त्यांच्या काठाला उगवणारं देवधान म्हणजे रानटी भात सारस खातो, शेजारच्या बांध्यांत घरटं करतो. तलाव गाळाने भरला, बेशरमीच्या झुडपांनी व्यापला, किंवा मासेमारीसाठी काठ साफ केला की देवधान गेलं आणि सारसही गेला. आणि इथे एक फार महत्त्वाची गोष्ट टेबलात वेगळ्या रकान्यात घालायची: जागतिक दर्जा आणि स्थानिक दर्जा. जगात सारस व्हल्नरेबल आहे, पण महाराष्ट्रात त्याची संख्या पन्नासच्याही आत आहे आणि ती जवळजवळ सगळी गोंदियाच्या आसपास. यूपीत हजारो आहेत म्हणून गोंदियातल्या शेतकऱ्याला "काळजी नको" म्हणणं म्हणजे पंजाबात गहू भरपूर आहे म्हणून आपल्या घरातला डबा रिकामा चालेल म्हणण्यासारखं. माकडाच्या बाबतीत असा डबल दर्जा येतच नाही, कारण त्याचं जगच तीन राज्यांएवढं, जे आहे ते सगळं तिथेच.

धोक्यांचा रकाना भरताना "जंगलतोड, प्रदूषण, शिकार" हे तीन शब्द लिहायला बंदी. मी भाचीला बंदीच घातली. प्रत्येक धोका असा लिहायचा की कोण काय करतं आणि त्याने जीव कसा जातो. उदाहरणार्थ सारसाला विजेच्या तारा. मोठं अंग, आठ फूट पंखांचा पसारा, चटकन वळता येत नाही, पहाटे धुक्यात शेतावरून उडताना तारेला धडकतो. इटावा-मैनपुरी भागातल्या अभ्यासात तिथले दर वर्षी जवळजवळ एक टक्का सारस असे तारांमुळे मरतात असं दिसलं होतं. एक टक्का ऐकायला काहीच नाही, पण वरचं पिल्लांचं गणित काढलं असेल तर पोटात गोळा येतो. दुसरं विष, राजस्थानात भरतपूरच्या केवलादेवमध्ये १९८० च्या दशकाच्या शेवटी शेतात पेरलेल्या बियाण्याला लावलेल्या औषधाने सारस मेले होते. मारायला कोणी गेलं नव्हतं, वाळवीसाठी टाकलं होतं ते.

माकडाचं उदाहरण उत्तर कन्नडमधलं घ्या, उप्पागे. आपल्या कोकमाच्याच नात्यातलं फळ, त्याची वाळवलेली साल परदेशात वजन कमी करायच्या औषधात जायला लागली तेव्हा भाव चढला आणि लोक जंगलातून कच्ची फळंसुद्धा काढायला लागले. फळ माकडाचंही खाणं, आणि वर साल सुकवायला लाकूड जाळायचं म्हणजे झाडही गेलं. म्हणजे कुऱ्हाड घेऊन आलेला खलनायक कोणी नाही, गावातलाच माणूस चार पैसे मिळवतोय आणि तिकडे कुठेतरी कोणीतरी बारीक व्हायच्या गोळ्या खातंय. असं लिहिलं की वाचणारा थांबतो.

आता परत त्या प्रश्नाकडे. माकडाखालून काय काढलं की ते कोसळतं? झाडांच्या फांद्यांचं जोडलेलं छत. म्हणून उपाय: तुकडे जोडणं, मळ्यांच्या कडेने देशी झाडं लावणं, पूल, घाटरस्त्यावर गाडी हळू, आणि खायला अजिबात न देणं, कारण चिवड्याच्या पाकिटासाठी माकड खाली रस्त्यावर येतं. सारसाखालून? ओली शेती आणि ती करणारा माणूस. म्हणून उपाय: घरटं असलेल्या बांधीतल्या शेतकऱ्याला नुकसानभरपाई, तलावाचा उथळ काठ शाबूत ठेवणं, तारांना दिसतील असे चकत्या-गोळे लावणं किंवा त्या जमिनीखालून नेणं. माकडासाठी माणसाने थोडं मागे सरकायचं, सारसासाठी माणसाने शेतात थांबायचं आणि पीक बदलताना दोनदा विचार करायचा. दोघांनाही एकच "जनजागृती करावी" लावून टाकली तर तुलना केलीच कशाला?

कायद्याचं एका ओळीत आटपा. दोघांनाही आपल्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि साइट्स म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात माकड परिशिष्ट एकमध्ये, सारस दोनमध्ये. बास, यावर अर्धं पान खर्च करू नका.

शेवटी टेबल. आता करा. रकाने एवढेच ठेवा: यादीत येण्याचं कारण, किती आणि कसे मोजले, आयुष्यात किती पिल्लं, जग किती मोठं, कशावर उभा आहे, काय केलं तर टिकेल. प्रत्येक आकड्यापुढे साल. तुलना लागू होत नसेल तिथे जबरदस्तीने काही भरू नका, "लागू नाही" लिहा आणि खाली एक वाक्यात का ते सांगा, स्थानिक दर्जाच्या रकान्यात माकडापुढे आम्ही तेच लिहिलं. बाईंनी त्याचा अर्धा मार्क कापला, रकाना अपूर्ण म्हणून. भाची रिचेकिंगला देणार होती, मी म्हटलं जाऊ दे, पण ती ऐकणारी नाही, दुसऱ्या दिवशी गोंदियाचा नकाशा घेऊन बाईंकडे गेली.